बारकूबाईंचा अळणी चातुर्मास

हे नारायणा, हे जीवाच्या जीवना! तू आमच्या देहात बसून आम्हांला किती सांभाळतोस, ते आम्हांला कळते तरी कधी? बाहेर वैशाख पेटतो, तू आतून घाम आणून देह निववतोस. बाहेर थंडी दाटते, तू अंगावर काटा उभा करून ऊब राखतोस. आम्ही धावलो की छातीतला ठोका वाढवतोस, आम्ही टेकलो की हळूच उतरवतोस. जेवलो तर साठवतोस, उपाशी राहिलो तर साठवलेल्यातले काढून पुरवतोस. पखवाजी भजनाच्या ओघात, कोणाच्या ध्यानी न येता, वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यावर हलकेच हातोडी टेकवून उतरलेला सूर जागेवर आणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, सूर हललाच नव्हता. तसे तुझे हे अखंड काम. आम्ही त्याला प्रकृती म्हणतो, आणि ती ठीक असेपर्यंत तुझी आठवणही काढत नाही. तुला शरण येऊन तुझ्याच एका थकलेल्या लेकीची गोष्ट सांगतो. थकल्या जिवांनी ती सावकाश ऐकावी.

तिचे नाव बारकूबाई रघु केणे. ठाण्याजवळच्या दिवा गावात, स्टेशनापासून खाडीच्या अंगाला चालत गेले की इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांच्या मधे केण्यांचे घर आहे. खाली आपण, वर दोन मजले भाडेकरू. एकेकाळी तिथून खाडीपर्यंत भाताची शेते दिसत. आता खिडकी उघडली की समोरच्याचे वाळत घातलेले कपडे दिसतात. शेते गेली, घर वाढले, आणि नळाला पाणी मात्र येईल तेव्हा येते. न आले तर टँकर येतो, आणि टँकर आला की सगळी आळी कळशा-कॅन घेऊन धावते.

बारकूबाईंचा जन्म ठाण्याच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या आगरी घरातला. भरतीचे पाणी वाफ्यांत कोंडायचे, उन्हाने ते आटू द्यायचे, तळाशी धरलेले मीठ फळीने ओढून त्याचे ढीग करायचे, आणि टोपल्या डोक्यावरून वाहायच्या. लहानपणापासून हाच तिचा अभ्यास. टाचांना चिरा पडत, त्या चिरांत मीठ जाई. दुपारी पेजेत मूठ सोडून मीठ घातले जाई आणि ते कोणाला जास्त वाटत नसे, कारण सगळ्यांच्या पाठीवर घाम वाळून पांढरा झालेला असे.

लग्न होऊन ती दिव्याला आली. सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने सासूचे केले. दीर आजारी पडला, त्याचे केले. मुलगा विकी झाला, शेतीची आवणी-कापणी झाली, मिठागरे बंद पडली, घरावर मजले चढले. या सगळ्या काळात बारकूबाईंना ‘बरं नाही’ असे म्हणताना कोणी ऐकले नाही. सज्जनहो, काही माणसांच्या थकव्याची घरादाराला इतकी सवय होते की तो घराच्या रंगासारखा डोळ्यांना दिसेनासा होतो. बारकूबाईंचे तसे झाले होते.

मग एका फाल्गुनात तिचे यजमान रघु यांना लकवा झाला. सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि डावा हात आलाच नाही. जीव वाचला, बोलणे राहिले, पण डावे अंग लुळे पडले. डॉक्टरांनी रक्तदाबाची औषधे दिली, व्यायाम दिला आणि सांगितले, ‘जेवणातले मीठ निम्म्यावर आणा. लोणचे, पापड, सुकी मासळी बंद.’

रघु केणे म्हणजे आळीतला थट्टेखोर माणूस. लग्नाच्या मांडवात यांच्यामुळे वरमाय हसून रडावी. पण त्या दिवशी त्यांनी ताट उजव्या हाताने ढकलून दिले.

“मिठागराच्या मानसाला आलनी जेवान? मंग मना वाचवलाव तरी कशाला?”

“आलनी नाय, कमी हाय,” बारकूबाई म्हणाल्या.

“तू खा मंग कमी. दुसऱ्याच्या ताटात कमी वारायला काय जाते?”

नवऱ्याचे बोलणे त्यांनी कधी मनावर घेतले नव्हते. हे मात्र घेतले.

आषाढी एकादशीला गावच्या विठ्ठलमंदिरात चातुर्मासाचे नियम घेतात, ही तिथली जुनी रीत. देव चार महिने निजतो. तो उठेपर्यंत भक्ताने आपली एक आवडती वस्तू सोडायची. कोणी वांगे सोडले, कोणी चहा सोडला, एका पोरीने मोबाईलवरचे खेळ सोडले आणि सगळे हसले. बारकूबाई पुढे आल्या. हात जोडून म्हणाल्या, “पांडुरंगा, मी मीठ सोरला. अख्खा सोरला. माज्या मालकाला पायावं उभा कर.”

देवळात वीणा धरणारे विश्रामबुवा वयोवृद्ध आणि विचारी. ते म्हणाले, “बाई, वयाचा विचार कर. एकादशीपुरतं सोड. नाहीतर सोमवारचं सोड.”

“देवाकरं नवरा मांगतंय, बुवा. आर्धा नाय मांगत. मंग नियम तरी आर्धा कशाला?”

बुवांनी तिच्या हातावर तुळशीचे पान ठेवले. नियम लागला.

आणि त्याचा गुण असा आला की रघुंनी ताट ढकलणे सोडले. समोर बायको पाण्यात शिजवलेला भात आणि मिठाविना उकडलेली भाजी गिळते आहे, हे बघून ते निमूट आपले कमी मिठाचे जेवू लागले. श्रावणात त्यांना धरून बसवता येऊ लागले. भाद्रपदात, गणपती विसर्जनाच्या सुमाराला, ते बारकूबाईंच्या खांद्याला धरून क्षणभर उभे राहिले. त्या मायमाऊलीने देव्हाऱ्यापुढे डोके टेकले. तिची खात्री पटली: मी मीठ सोडले, तो पायावर उभा राहिला. आता कार्तिकी एकादशीपर्यंत ढळायचे नाही.

त्याच वेळी देहाच्या आत काय चालले होते, ते ऐका. मीठ येईनासे झाले, हे देहाने ओळखले. मूत्रपिंडांनी असलेले मीठ धरून ठेवायला सुरुवात केली. घामातून जाणारे मीठसुद्धा देहाने कमी केले. पण बारकूबाईंनाही रक्तदाब होता, आणि त्यांची कित्येक वर्षांची एक गोळी होती. मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढणे हेच त्या गोळीचे काम. ती रोज नेमाने घेतली जाई. देह एका दाराला कडी लावी, गोळी ती कडी काढी. त्यात आश्विनाचे ऊन, टँकरच्या कळशा, नवऱ्याला उठवणे-बसवणे. घाम गाळायचा आणि वर तांब्यावर तांबे पाणी प्यायचे. जेवणाला चव नाही, तेव्हा पोट पाण्यानेच भरायचे. रक्तातले मीठ पातळ होत गेले. रक्त असे पातळ झाले की मेंदूच्या पेशी पाणी ओढून फुगू लागतात. त्या फुगू नयेत म्हणून मेंदूने स्वतःजवळचे क्षार बाहेर सोडले आणि जे मिळते त्यात निभावून घेतले. नारायणा, तुझ्या या लेकीचा देह तिच्यासारखाच वागत होता. कमी पडले, त्यातच भागवत होता, आणि तक्रार करत नव्हता.

सून करिश्मा डोंबिवलीच्या एका शाळेत कचेरीचे काम करते. तिच्या ध्यानात थोडे थोडे येत होते. सासूबाई भिंतीला हात लावून चालतात. जेवणाचा वास आला की त्यांना मळमळते. एकदा गॅसवर रिकामे पातेले ठेवून त्या त्याकडे बघत उभ्या होत्या.

“आई, बसा ना जरा. मी करते.”

“बसली तर उठनार कोन?”

“अहो, चेहरा बघा आरशात. डॉक्टरकडे जाऊ या.”

“नियमाचा थकवा हाय गो बायो. देव उठला का जाईल.”

विकीने आईकडे पाहिले आणि तो करिश्माला म्हणाला, “अगं, ती अशीच आहे पहिल्यापासून. ऐकते का कोणाचं?” यात लबाडी नव्हती. त्याने आईला खरोखरच कधी न थकलेली पाहिली नव्हती, मग ही जास्त थकली आहे हे त्याने ओळखावे कशावरून?

दसरा झाला आणि त्यानंतर एका सकाळी रघुंची हाक घरभर घुमली. करिश्मा धावत आली. रघु पलंगाच्या कडेला अर्धे उठून लटकत होते आणि त्यांना धरून उठवणाऱ्या बारकूबाई हात सोडून बाजूला उभ्या होत्या. करिश्माने सासऱ्यांना सावरले. बारकूबाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिले आणि विचारले, “तू कुनाची गो?”

रघु केणे त्या क्षणी काही थट्टा करतील असे कोणालाही वाटले असते. त्यांनी उजव्या हाताने बायकोचा पदर घट्ट धरला.

शेजारणी जमल्या. एक म्हणाली, म्हातारपणाचा विसर. दुसरी म्हणाली, बाहेरचे काही लागले असेल, नारळ उतरवा. करिश्माने कोणाचे ऐकले नाही. विकीला घेऊन तिने रिक्षा आणवली आणि शीळच्या रस्त्याने सासूबाईंना कल्याणच्या एका रुग्णालयात नेले. वाटेभर बारकूबाई सुनेच्या खांद्यावर मान टाकून होत्या, आणि मधेच मिठागरातल्या कोणा बायकांना हाका मारत होत्या.

डॉक्टर निशा वयाने लहान पण धीराच्या. रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यांनी विचारले, “यांच्या जेवणात मीठ किती असतं?”

“अजिबात नाही,” करिश्मा म्हणाली. “आषाढीपासून.”

“आणि रक्तदाबाची गोळी वगैरे?”

“ती रोज घेतात. कधी चुकवत नाहीत.”

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. “यांच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय. गोंधळ त्याचाच आहे. गोळी आत्ता बंद. पाणीसुद्धा मोजकंच द्यायचं.”

विकी म्हणाला, “मग डॉक्टर, मिठाच्या सलाईनची एक बाटली जास्त लावा ना. पटकन भरून टाका.”

“तेच करायचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “हे महिन्यांत हळूहळू उतरलंय. मेंदूनं कमी मिठाशी जुळवून घेतलंय. आता एकदम चढवलं तर त्याला धक्का बसेल, कायमची इजा होईल. ज्या पावलांनी खाली गेल्यात त्याच पावलांनी वर आणायच्या.”

त्या रात्रीपासून थेंब थेंब सलाईन सुरू झाले. पुन्हा पुन्हा रक्त तपासले जाई, थेंबांची गती कमी-जास्त केली जाई. माणसांनी सुया आणि नळ्या लावून तेच काम चालवले होते, जे तो देहातला धनी आजवर कोणाला न सांगता करत आला होता. किती लोक लागले! आणि किती सावध!

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकूबाईंच्या डोळ्यांत ओळख आली. “करिस्मा, मालक जेवले का गो?” हा त्यांचा पहिला प्रश्न. सुनेच्या डोळ्यांना धार लागली. मग बारकूबाईंची नजर हाताच्या नळीवरून वर लटकलेल्या बाटलीकडे गेली.

“त्यात काय हाय?”

करिश्माला खोटे बोलता येत नाही. “मिठाचं पाणी, आई.”

सज्जनहो, त्या दुबळ्या बाईने एका हिसक्यात सुई उपटून काढली. चादरीवर रक्त सांडले. परिचारिका धावली. बारकूबाई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून पडल्या. मिठाची पेज आणली, ती बाजूला सारली. कपाळाला हात लावून एवढेच म्हणाल्या, “नियम मोडलाव माझा. त्याला काय झाला तर मी काय करू?”

डॉक्टर निशांनी समजावले. सांगितले की अजून धोका टळलेला नाही, असेच राहिले तर पुन्हा शुद्ध जाईल, झटके येतील, जीवही जाईल. बारकूबाईंनी ऐकून घेतले. “जाऊ दे की. तो उभा रायला म्हंजे झाला.”

करिश्माने विश्रामबुवांना फोन लावून सासूबाईंच्या कानाशी धरला. बुवा गहिवरून बोलले. “बाई, आजारपणात नियम सुटतो. तो दोष नाही. सोडलेली वस्तू कोणा भुकेल्याला दान कर आणि उद्यापन झालं असं समज. मी सांगतो, देवाच्या पायाशी उभा राहून सांगतो.”

बारकूबाई फोन बाजूला करून म्हणाल्या, “बुवांना बोलायला काय जाते? नवरा माझा हाय.”

संध्याकाळ होत आली. बारकूबाई सुई पुन्हा टोचू देईनात. विकी बाहेरच्या बाकावर डोके धरून बसला होता. करिश्मा त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, “बाबांना आण.”

“वेडी आहेस का? लकवा झाल्यापासून ते घराबाहेर पडलेत का एकदा तरी?”

“म्हणूनच आण.”

दोघा भाडेकरूंनी मिळून रघुंना रिक्षात बसवले. रुग्णालयाच्या दारात चाकाची खुर्ची मिळाली. पण बायकोच्या खोलीपाशी आल्यावर रघु म्हणाले, “थांबव.” काठी मागून घेतली. विकीने काखेत हात घातला, तो त्यांनी झटकला नाही. पण डावा पाय स्वतः ओढला. दारापासून खाटेपर्यंतचे ते अंतर. एक पाऊल पडे, दुसरे फरफटत येई, कपाळावर घाम. बारकूबाई उठून बसल्या आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला.

रघु खाटेच्या कडेला टेकले. त्यांनी काठी भिंतीला लावली.

“चाललो ना?” ते म्हणाले.

“मंग? मीठ सोरलाय मी!”

“तुज्या मिठानं नाय चाललो, बारकू. कोन उठवत होता मना रोज? देव आलता का काखेत हात घालायला? तू उठवलास. तू मेलीस तर मी कुनाच्या खांद्याला धरू? विकीच्या? त्याला घाम फुटला दारापासून हितवर येताना.”

विकी म्हणाला, “बाबा, वजन केवढं तुमचं!”

“बघ.”

बारकूबाई हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, “देवाला सबूद दिलाय.”

रघुंनी उजव्या हाताने पेजेची वाटी ओढून जवळ घेतली. “कंच्या देवाला? जो आषाढीपासून झोपलाय त्याला? अजून उठला नाय. तो उठायच्या आत खा.”

“आन उठल्याव इचारला तर?”

“तर सांग, नवरा अर्धा लुला, तरी बलजबरी केलीन. माजं नाव घे. मी बघतो त्याच्याकरं.”

खोलीत परिचारिका उभी होती, तिला हसू आवरले नाही. रघुंनी चमचा भरला. काठीवर भार टाकून तो हात थकला होता. अर्धी पेज चादरीवर सांडली. दुसऱ्यांदा भरला. तो चमचा बारकूबाईंच्या ओठांपाशी येऊन थांबला, आणि तो हात किती वेळ टिकेल हे दोघांनाही ठाऊक होते. हात खाली येऊ नये म्हणून तिने तोंड उघडले.

मीठ जिभेला लागले. इतक्या महिन्यांनी लागलेली ती चव तिने डोळे मिटून गिळली, आणि मग तिच्या तोंडून जे शब्द आले ते त्या घराने आजवर ऐकले नव्हते.

“मी लई दमलंय हो.”

“दम की,” रघु म्हणाले. “कोन नको बोलते?”

डॉक्टरांनी सांगितले होते, थोडेच द्या. म्हणून चार घास झाले आणि वाटी बाजूला ठेवली गेली. सुई पुन्हा लावू दिली. बारकूबाई झोपल्या. त्यांच्या पायाशी रघु भिंतीला टेकून बसले होते, त्यांना हलवायचे धाडस कोणी केले नाही.

सज्जनहो, पुढचे फार मोठे नाही. बारकूबाई घरी आल्या, पण पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. पावले जपून पडतात. गोळी बदलली आहे. डॉक्टरांनी सांगितले तेवढे मीठ त्या औषधासारखे घेतात. रघु आपले कमी मिठाचे जेवतात आणि रोज कुरकुरतात. सकाळी रघुंना उठवायला विकी येतो. टँकरचे पाणी करिश्मा आणि भाडेकरू मिळून भरतात. बारकूबाई ओट्यावर बसून बघतात. बसण्याची सवय अजून अंगी लागलेली नाही, हात मांडीवर चाळवत राहतात. “बसलेली असली का जास्त दमते गो,” असे त्या करिश्माला सांगतात. तरीही बसतात. कार्तिकी एकादशीला देव उठला, तेव्हा त्या देवळात गेल्या, जाड्या मिठाची पिशवी दानासाठी विश्रामबुवांच्या हाती देऊन पाया पडल्या आणि घरी येऊन झोपल्या. काय मागितले, हे कोणी विचारले नाही.

बारकूबाई माये, तुझ्या थकल्या देहाला विसावा मिळो. तुझ्या रक्तात पाणी आणि मीठ प्रमाणात नांदो, तुझी झोप गाढ होवो, तुला ‘बस’ म्हणणारे माणूस तुझ्या शेजारी सदैव राहो. रघुबाबांच्या पायांत बळ येवो आणि त्यांची थट्टा कधी न आटो. विकीला आईचा थकवा दिसण्याची दृष्टी लाभो. करिश्माचे धैर्य आणि तिची सत्य वाणी अखंड राहो. केण्यांच्या घरात वेळेवर पाणी येवो, वेळेवर अन्न शिजो, आणि ज्याचा भार असेल तो उचलायला चार हात पुढे होवोत. नारायण त्या घराचे कल्याण करो.